नाव कुणाचं, नोंद कुणाकडे?

पेण-रोह्याच्या माणसाला नोंदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जमीन कोण कसतो यापेक्षा सातबाऱ्यावर नाव कुणाचं, यावर आपल्याकडे कज्जे चालतात. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केलं. जमिनी मिळाल्या, पण देशात कित्येक ठिकाणी कागदावरचं नाव बदललंच नाही.

इंटरनेटवरच्या नावांचंही तसंच आहे. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था आखली. १९९८ पासून तिची देखरेख आयकॅन ही संस्था करू लागली. २०१४ मध्ये ‘.भारत’ आलं आणि देवनागरीत पत्ता घेता येऊ लागला. पण हमरापूरच्या गणपती कारखानदाराने घेतलेलं नाव भाड्याचंच. मुदत चुकली की दुसरा कुणी ते उचलू शकतो.

ब्लॉकचेनवरची नावं आली ती नोंदीवरची ही एकहाती सत्ता काढून घ्यायला: २०११ मध्ये नेमकॉइन, २०१७ मध्ये ईएनएस. इथे नोंदवही असंख्य संगणकांवर असते, कुणा एकाला तिच्यात खाडाखोड करता येत नाही. मात्र ईएनएसच्या ‘.ईटीएच’ नावांनाही मुदत असतेच. नेहमीच्या बहुतेक ब्राउझरमध्ये ही नावं थेट उघडत नाहीत. शिवाय गुप्त किल्ली हरवली, तर अपील करायला प्रांत कचेरी नाही.

तेव्हा आम्ही म्हणू, असं नाव जरूर घ्या, पण जुनं सोडू नका. आणि किल्ली सातबाऱ्यासारखी जपा. घरातल्या आणखी एकाला तरी ती कुठे आहे ते ठाऊक असू द्या.