लॅपटॉपवरील हेडफोनचा आवाज

लॅपटॉपवरील हेडफोनचा आवाज म्हणजे लॅपटॉप संगणकाला जोडलेल्या हेडफोन किंवा इयरफोनमधून श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचणारी ध्वनिपातळी होय. मूळ ध्वनिमुद्रण, संगणकातील आज्ञावली, ध्वनिचिप, जॅक, हेडफोनची घडण आणि भोवतालचा गोंगाट या सर्वांवर ही पातळी अवलंबून असते. ‘आवाज पूर्ण केला तरी नीट ऐकू येत नाही’ ही लॅपटॉप वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा तिचे कारण या साखळीतील एखाद्याच कडीत असते. ती कडी न शोधता साखळीच्या शेवटी कृत्रिम वर्धन केल्यास आवाज फाटतो आणि पुढे कानालाही इजा होऊ शकते.

मूलतत्त्वे

ध्वनिपातळी डेसिबल या लॉगॅरिदमी एककात मोजतात. विद्युत् शक्ती दुप्पट केल्यास पातळी ३ डेसिबलने, तर व्होल्टता दुप्पट केल्यास ६ डेसिबलने वाढते. मानवी कानाला आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजेच दहापट शक्ती लागते. त्यामुळे दोन-तीन डेसिबल वाढवून देणाऱ्या उपायाने फारसा फरक जाणवत नाही.

हेडफोनच्या बाबतीत दोन आकडे महत्त्वाचे असतात. संवेदनशीलता म्हणजे १ मिलीवॉट शक्तीला हेडफोन किती डेसिबल आवाज देतो ते माप. संरोध म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला होणारा अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. सामान्य इयरफोनचा संरोध १६ ते ३२ ओहम असतो, तर ध्वनिमुद्रण कक्षातील काही हेडफोनचा २५० ते ६०० ओहम असतो. सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा प्रसिद्ध हेडफोन ३०० ओहमचा आहे.

लॅपटॉपच्या जॅकमधून पूर्ण आवाजात सुमारे १ व्होल्ट मिळतो असे धरल्यास ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलीवॉट शक्ती मिळते. त्याची संवेदनशीलता १०० डेसिबल असेल, तर कमाल पातळी ११५ डेसिबलच्या आसपास जाते. हा आवाज धोकादायक आहे. ३०० ओहमच्या हेडफोनला त्याच जॅकमधून जेमतेम ३.३ मिलीवॉट मिळतात आणि ९७ डेसिबल संवेदनशीलता धरल्यास कमाल पातळी १०२ च्या घरात राहते. हे आकडे अखंड, पूर्ण क्षमतेच्या स्वराचे आहेत. गाण्याची सरासरी पातळी या कमाल मर्यादेच्या १५ ते २० डेसिबल खाली असते आणि निष्काळजीपणे मुद्रित केलेल्या व्याख्यानाची ३० डेसिबल किंवा त्याहूनही खाली. म्हणूनच एकाच लॅपटॉपवर, एकाच हेडफोनमध्ये चित्रपटगीत कानठळ्या बसवते आणि गणिताचा तास ऐकू येत नाही.

काही लॅपटॉपच्या जॅकचा स्वतःचा अंतर्गत संरोधही बराच असतो. तो हेडफोनच्या संरोधाइतकाच असेल, तर व्होल्टता निम्मी होऊन ६ डेसिबल आवाज वाटेतच नाहीसा होतो.

जॅक, पिन आणि जाळी

तक्रारीचे सर्वांत साधे कारण यांत्रिक असते आणि सर्वांत शेवटी तपासले जाते. ३.५ मिलिमीटरची पिन पूर्ण आत गेली नसल्यास आवाज केवळ कमी होत नाही, तर विचित्र होतो. सामाईक जोडणी सुटली की दोन्ही कानांत डाव्या आणि उजव्या वाहिन्यांमधील फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा किंवा निवेदकाचा आवाज दोन्ही वाहिन्यांत समान असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो, तर वाद्ये आणि घुमारा दुरून आल्यासारखे उरतात. अशी खूण दिसल्यास संगणकातील कोणतीही मांडणी बदलण्यात अर्थ नसतो. मायक्रोफोन असलेल्या चार कड्यांच्या पिनमध्येही असे घडते. तिच्या जोडणीच्या दोन पद्धती प्रचलित होत्या आणि जुन्या पद्धतीची पिन नव्या जॅकमध्ये नीट चालत नाही.

जॅकमध्ये धूळ आणि कापडाचे तंतू साठतात. खानदेशासारख्या कोरड्या, धुळीच्या प्रदेशात हा अनुभव सार्वत्रिक आहे. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या दोंडाईच्यात वा कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या परिसरात तर तो अधिकच संभवतो. लॅपटॉप बंद करून कोरड्या लाकडी वा प्लास्टिकच्या काडीने जॅक हलकेच स्वच्छ करावा. धातूची टाचणी वा सुई वापरू नये, कारण आतील स्पर्शपट्ट्या वाकतात. कानात बसणाऱ्या इयरफोनच्या तोंडावरील बारीक जाळीत कानातील मळ अडकतो आणि एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत जातो. हा बदल इतका सावकाश असतो की श्रोता त्याचा दोष बहुधा लॅपटॉपला देतो. तोच इयरफोन मोबाइलला लावून पाहिल्यास दोष कोणत्या बाजूला आहे, हे मिनिटभरात कळते.

संगणकातील नियंत्रणे

आवाजाचे नियंत्रण एकाच ठिकाणी नसते. संकेतस्थळावरील खेळयंत्राची पट्टी, ब्राउझरची पातळी, कार्यकारी प्रणालीची मुख्य पातळी आणि हेडफोनच्या तारेवरील चकती यांतील प्रत्येक टप्पा आवाज कमी करू शकतो. सर्व टप्पे पूर्ण उघडून शेवटच्या एकाच नियंत्रणाने आवाज ठरवणे ही तंत्रदृष्ट्या योग्य पद्धत होय.

विंडोज प्रणालीतील ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये प्रत्येक आज्ञावलीची पातळी स्वतंत्र दिसते. ध्वनीच्या मांडणीत ‘कम्युनिकेशन्स’ हा एक दुर्लक्षित भाग आहे. संगणकाला संभाषण सुरू असल्याचे वाटले, की इतर सर्व आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सोय तिथे मुळातच चालू असते. दूरसभा संपल्यावरही आवाज खाली राहिल्याच्या तक्रारींचे मूळ अनेकदा येथे सापडते. ध्वनिचिपचे चालक अनुकूल असल्यास ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ हा पर्यायही मिळतो. तो हळू भाग वर उचलतो आणि मोठे भाग आवरतो. व्याख्यानांसाठी तो उपयुक्त आहे. शास्त्रीय संगीतासाठी मात्र नाही, कारण आलापापासून द्रुत तानेपर्यंतचा चढ-उतारच त्यामुळे सपाट होतो.

लिनक्समध्ये ‘अल्सामिक्सर’ या आज्ञावलीत ‘मास्टर’ आणि ‘हेडफोन’ या पट्ट्या वेगळ्या असतात. पडद्यावरील मुख्य पट्टी पूर्ण असतानाही ‘हेडफोन’ची पट्टी अर्ध्यावर किंवा मूक असू शकते. मॅक संगणकात डाव्या-उजव्या कानांचा समतोल ढळलेला नाही ना, एवढे पाहिले तरी बहुधा पुरते.

बिनतारी हेडफोनमध्ये आणखी एक गुंता असतो. त्याचा मायक्रोफोन वापरात आला की ब्लूटूथ संभाषणाच्या प्रकारात जाते आणि आवाज एकवाहिनी, अरुंद व निस्तेज होतो. अशा वेळी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडल्यास हेडफोनचा आवाज पूर्ववत होतो.

शंभर टक्क्यांच्या पुढे

व्हीएलसी हे खेळयंत्र आवाज १२५ टक्क्यांपर्यंत नेऊ देते. लिनक्सच्या काही मांडण्यांत आणि ब्राउझरच्या पूरक आज्ञावलींत याहूनही पुढे जाता येते. हे वर्धन अंकीय असते. मूळ नमुन्यांच्या संख्यांना एका गुणकाने गुणले जाते. लॅपटॉपच्या जॅकची कमाल व्होल्टता त्याने वाढत नाही. मुद्रण मुळात हळू असेल, तर वर रिकामी जागा असते आणि वर्धनाचा खराखुरा उपयोग होतो. मुद्रण आधीच कमाल पातळीला टेकलेले असेल, तर लहरीची टोके सपाट कापली जातात. यालाच ‘क्लिपिंग’ म्हणतात. कानाला तो आवाज ‘मोठा’ न वाटता ‘फाटका’ वाटतो. तेव्हा शंभर टक्क्यांच्या पुढील पट्टी व्याख्यानासाठी वरदान आणि अलीकडच्या चित्रपटगीतासाठी निरर्थक ठरते.

यूट्यूबसारख्या सेवा ठरावीक सरासरीपेक्षा मोठ्या चित्रफिती खाली आणतात, पण हळू चित्रफिती वर उचलत नाहीत. घरच्या मोबाइलवर मुद्रित केलेले अहिराणी गीत वा महाविद्यालयीन तास म्हणूनच व्यावसायिक चित्रफितींच्या शेजारी दुबळा भासतो. चित्रफीत तयार करणाऱ्याने ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत संपादकात पातळी योग्य करून मगच ती चढवली, तर हजारो श्रोत्यांचा खटाटोप वाचतो. याबाबतीत श्रोत्यापेक्षा निर्मात्याकडे अधिक सत्ता आहे.

जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या मुद्रणांत वेगळी अडचण असते. बालगंधर्वांची नाट्यपदे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. त्यांच्या प्रतींचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही तितकीच वाढते. तेथे सरसकट वर्धनापेक्षा इक्वलायझर अधिक कामाचा असतो. मानवी कान सुमारे २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण आहे आणि उच्चारातील स्पष्टताही बहुतांशी १,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये असते. खर्जाचा भाग थोडा कमी करून हा पट्टा काही डेसिबल उचलल्यास एकूण पातळी न वाढवताही बोलणे पुढे येते. पट्टा जितका उचलला, तितकी प्राथमिक पातळी खाली घ्यावी, नाहीतर पुन्हा टोके कापली जातात.

बाह्य वर्धक

अधिक संरोधाचा किंवा कमी संवेदनशीलतेचा हेडफोन असेल, तर बाह्य हेडफोन-वर्धक हा खरा उपाय ठरतो. यूएसबीला जोडायच्या छोट्या यंत्रात अंकीय संकेताचे विद्युत् लहरीत रूपांतर करणारा परिवर्तक आणि वर्धक दोन्ही असतात. लॅपटॉपची अंतर्गत ध्वनिचिप पूर्णपणे वगळली जाते. बिघडलेल्या जॅकवरही हाच सोपा मार्ग आहे. २०२१ पासूनच्या १४ व १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जॅक स्वतःच हेडफोनचा संरोध ओळखतो आणि १५० ओहमपासून पुढे ३ व्होल्टपर्यंत व्होल्टता देतो. साध्या ३२ ओहमच्या इयरफोनसाठी वर्धक विकत घेणे बहुधा अनावश्यक खर्च असतो.

चार्जर लावताच हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू येत असेल आणि बॅटरीवर ती थांबत असेल, तर दोष बहुधा भूसंपर्कनाशी निगडित असतो. जुन्या घरांतील दोन छिद्रांच्या विद्युत् खाचांमध्ये हे वारंवार आढळते. आवाज वाढवल्याने ती गुणगुण लपत नाही.

भोवतालचा गोंगाट

आवाज ‘कमी’ वाटण्याचे कारण पुष्कळदा हेडफोनमध्ये नसून खोलीत असते. एका आवाजाने दुसरा झाकला जाण्याच्या या परिणामाला आच्छादन म्हणतात. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४४ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि घरोघरी वाळ्याचे वा लाकडी तुसाचे पडदे असलेले कूलर चालतात. कूलरच्या पंख्याचा अखंड घरघराट आणि पाण्याचा आवाज यांखाली व्याख्यानातील मृदू व्यंजने नेमकी बुडतात. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा स्थानकातून रोज ये-जा करणारा विद्यार्थी डब्यातील खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवतो आणि घरी उतरल्यावर ती पातळी तशीच राहते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातील कूलर अर्थातच तिच्या कक्षेत येत नाही.

येथे योग्य उपाय गोंगाट अडवण्याचा आहे. कानात घट्ट बसणारी रबरी टोके योग्य आकाराची असल्यास बाहेरचा आवाज साधारण १५ ते २५ डेसिबलने कमी होतो. एवढा फरक कोणत्याही आज्ञावलीने निर्दोषपणे मिळत नाही, आणि कानावरील भार वाढण्याऐवजी घटतो. टोक सैल असल्यास खर्जही गळतो व संगीत पोकळ वाटते. गोंगाट खोडणारे विद्युत् हेडफोन कूलर किंवा रेल्वेसारख्या संथ, अखंड आवाजावर परिणामकारक ठरतात. बोलण्यावर किंवा भांड्यांच्या आवाजावर तितके नाहीत.

श्रवणसुरक्षा

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. प्रौढांसाठी ८३ डेसिबलला २० तास, ८९ ला ५ तास आणि ९५ ला आठवड्याभरात केवळ सव्वा तास उरतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी दिवसाला पाच-सहा तास हेडफोन लावत असेल, तर तो वेळेच्या बाबतीत या मर्यादेजवळ आधीच पोहोचलेला असतो. पातळी वाढवण्याला त्याच्याकडे वाव नसतो.

आंतरकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. आवाजामुळे होणारी हानी प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे व्यंजनांच्या स्पष्टतेच्या पट्ट्यात दिसते. परिणामी बोलणे ‘ऐकू येते, पण कळत नाही’, श्रोता आवाज आणखी वाढवतो आणि हानी पुढे सरकते. ऐकल्यानंतर कानात शीळ वाजणे किंवा कान बधिर झाल्यासारखे वाटणे ही पूर्वसूचना असते. सर्व उपकरणांवर, सर्व हेडफोनमध्ये आवाज कमी वाटू लागल्यास उपकरण नव्हे, कान तपासावा. कारण कधी केवळ साठलेला मळही असतो. एका कानाचे ऐकणे अचानक गेल्यास मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते, कारण या विकारात उपचाराला झालेला उशीर भरून निघत नाही. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या सार्वजनिक संस्था आहेत.