सुबारू

‘सुबारू’ हे जपानीतले कृत्तिकांचे नाव. त्याचे मूळ ‘एकत्र येणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदात सापडते. शब्दही हजार वर्षांहून जुना. सेई शोनागोन या दरबारी लेखिकेने ‘माकुरा नो सोशी’मध्ये आवडत्या ताऱ्यांत सुबारूला पहिला मान दिला आहे.

महायुद्धानंतर नाकाजिमा या विमान कंपनीचे तुकडे झाले. 1953 मध्ये त्यातल्या पाच कंपन्यांनी मिळून ‘फुजी हेवी इंडस्ट्रीज’ उभी केली. अध्यक्ष केंजी किता यांनी पहिल्या मोटारीला ‘सुबारू’ नाव दिले. बोधचिन्हात तारे सहा: एक मोठा, पाच लहान. आपल्याकडेही कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहाच!

1966 पासून या गाड्यांत ‘बॉक्सर’ इंजिन आले. त्यातले दट्ट्ये समोरासमोर आडवे धावतात. त्यामुळे इंजिन बसके राहते आणि गाडी वळणावर रस्ता सोडत नाही. बर्फाळ प्रदेशातले मालक चारही चाकांना मिळणाऱ्या ओढीचे गुण गातात. पण जुन्या अडीच लिटर इंजिनाचा हेड गॅस्केट गळू लागला, की खिसा चांगलाच हलका होतो. तरी पुढची गाडी पुन्हा सुबारूच घेणारे कमी नाहीत.

2017 मध्ये कंपनीनेच ‘सुबारू’ हे नाव घेतले. भारतात मात्र तिची ‘फॉरेस्टर’ विकली गेली ती ‘शेवरले’च्या नावाने.