मोलारी, लाँडो

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकन विज्ञानकाल्पनिक दूरचित्रवाणी मालिकेतील एक प्रमुख पात्र. सेंटॉरी प्रजासत्ताकाचा (नाव प्रजासत्ताक, गादीवर मात्र सम्राट) अवकाशस्थानकावरील राजदूत आणि अखेरीस स्वतःच सम्राट. ही भूमिका पीटर जुरासिक या अभिनेत्याने केली. मालिकेचे जनक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की. पथदर्शी चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला. मालिका जानेवारी १९९४ ते नोव्हेंबर १९९८ अशी पाच पर्वे चालली. ११० भागांपैकी ९२ भाग स्ट्रॅझिन्स्की यांनी लिहिले. लाँडो इतका सलग उतरला, याचे श्रेय बऱ्याच अंशी या एकहाती लेखनाला द्यावे लागते. पहिल्याच भागात तो आपल्या मरणाचे स्वप्न सांगतो : वीस वर्षांनी आपण आणि नार्न राजदूत जकार एकमेकांचा गळा आवळून मरणार. तिसऱ्या पर्वात तो प्रसंग प्रेक्षकाला दिसतो, तेव्हा त्याचा अर्थ तोवर वाटत आला त्याहून पार निराळा निघतो.

कथेचा काळ तेविसाव्या शतकाचा. मानव, मिनबारी, सेंटॉरी, नार्न आणि व्होर्लॉन यांनी युद्धे टाळण्यासाठी एकत्र बसावे म्हणून हे स्थानक उभारलेले आहे. सेंटॉरींची अवस्था बडे घर पोकळ वासा अशी. एकेकाळी अनेक ग्रहांवर त्यांची सत्ता होती. नार्न ग्रह त्यांनी गुलामीत ठेवला होता. तो आता स्वतंत्र आहे आणि सुडाने पेटलेला आहे. सेंटॉरी पुरुष केस पंख्यासारखे उभे ठेवतात, पंखा जितका उंच तितका मान मोठा. प्रारंभीचा लाँडो विनोदी वाटतो : जांभळा कोट, दारू, जुगार, नकोशा झालेल्या तीन बायका. मात्र पूर्वजांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगताना त्याचा आवाज बदलतो. त्याला ते वैभव स्वतःसाठी नको आहे, असे नाही. पण आधी ते आपल्या माणसांसाठी हवे आहे. हे प्रेम खरे आहे, आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच होतो.

पहिल्या पर्वाच्या मध्यावर मॉर्डन नावाचा हसतमुख माणूस स्थानकावर येतो आणि एकेका राजदूताला एकच प्रश्न विचारतो : तुम्हाला काय हवे आहे? लाँडो आधी त्याला झटकून टाकतो, मग मनातले बोलून जातो. सेंटॉरींची सत्ता पुन्हा ताऱ्यांवर पसरलेली बघायची आहे, लाज वाटून मान खाली घालायची नाही. मॉर्डन ‘शॅडो’ या प्राचीन, संहारक जमातीचा हस्तक असतो. पर्वाच्या अखेरीस नार्नांचे एक ठाणे दहा हजार माणसांसह नष्ट होते. लाँडो हादरतो. त्याने एवढे मागितले नव्हते. पण केल्याचा मान त्याच्याकडे चालत येतो आणि तो नाकारत नाही. मदतीची किंमत किती, हे त्याने विचारलेलेच नसते.

‘द कमिंग ऑफ शॅडोज’ या दुसऱ्या पर्वातील भागाला १९९६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. लाँडो समजून घ्यायला हा एक भाग पुरेसा आहे. वृद्ध सेंटॉरी सम्राट नार्नांची माफी मागायला स्थानकावर येतो आणि आजारी पडतो. जकार त्याला मारायला निघालेला असतो; त्याऐवजी माफीचा निरोप त्याच्या हाती पडतो. आयुष्यभराचा वैरी विरघळतो, लाँडोला गाठतो आणि त्याच्यासाठी पेला मागवतो. त्याच घटकेला लाँडोच्या सांगण्यावरून शॅडोंची जहाजे नार्न वसाहत जाळायला निघालेली आहेत. लाँडो पेला घेतो आणि गप्प बसतो. त्याला तो हल्ला थांबवता आला असता का, हे लेखक सांगत नाही. जुरासिकच्या चेहऱ्यावर मात्र ते सगळे वाचता येते. पुढे मरणारा सम्राट लाँडो आणि त्याचा साथीदार रेफा या दोघांना शाप देतो, आणि तो आशीर्वाद होता असे लाँडो जमलेल्यांना सांगतो.

मग नार्न ग्रहावर अवकाशातून प्रचंड पाषाणांचा मारा होतो. हे अस्त्र तहांनी निषिद्ध ठरवलेले आहे. लाँडो जहाजाच्या खिडकीत उभा राहून ते पाहतो. काचेत त्याचा चेहरा, पलीकडे जळणारा ग्रह. शरणागतीच्या अटी तोच परिषदेत वाचून दाखवतो : एका सेंटॉरीच्या हत्येमागे पाचशे नार्नांना देहदंड.

श्रीरामपूरच्या वाचकाला या कथेची किल्ली घराजवळ सापडते. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बेलापूर स्थानकावर (श्रीरामपूरच्या स्थानकाचे नाव तेच) बसले, की पुणतांबा मागे पडून कोपरगाव येते. राघोबादादा तिथे १७८३ मध्ये वारले. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत नेणाऱ्या या पुरुषाने पेशवाईच्या गादीसाठी मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसई देऊ केली. त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला तैनाती फौज पत्करली. १८१८ मध्ये राज्यच उरले नाही. स्ट्रॅझिन्स्की यांच्या डोळ्यांसमोर हा इतिहास होता, असा दावा नाही. पण घरचा तंटा जिंकायला बाहेरचा बलवान बोलावला, की तो आपले काम झाल्यावर परत जात नाही, हे मराठी वाचकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. राघोबादादांना आपल्याकडे खलपुरुषाच्या खात्यात टाकून मोकळे होण्याची सवय आहे. लाँडो पाहिल्यावर ती सवय थोडी सुटते.

लाँडोला मागे फिरण्याची संधी मिळते, आणि तीही फुकट नव्हे. ज्या आदिराच्या प्रेमात तो होता, तिला विष दिले जाते. ते रेफाचे काम आहे, असे मॉर्डन त्याला पटवतो आणि लाँडो रेफाला नार्नांच्या हाती मरू देतो; खरा मारेकरी मॉर्डनच होता हे त्याला नंतर कळते. वेडसर सम्राट कार्टाजिया जकारचे हाल करून त्याचा एक डोळा काढतो, तेव्हा त्याच कैद्याशी लाँडो करार करतो : तू मदत कर, मी नार्न मुक्त करीन. सम्राटाचा खून प्रत्यक्षात घडतो तो व्हीर कॉटोच्या हातून. व्हीर हा लाँडोचा भोळा सहायक, त्याला सुरुवातीपासून सावध करत आलेला. लाँडो नार्न सोडतो, शॅडोंची जहाजे उडवतो, मॉर्डनचा शिरच्छेद करवतो. तरीही हिशेब मिटत नाही. शॅडोंचे सेवक ड्राख राजधानीत सुरुंग पेरून त्याला कोंडीत पकडतात. लाखो माणसे वाचावीत म्हणून तो त्यांचा ‘कीपर’ हा परजीवी खांद्यावर घेतो आणि अंकित सम्राट होतो.

अखेरच्या रात्री तो मुद्दाम भरपूर पितो, कारण दारूने कीपर झोपतो. तेवढ्या वेळात तो कैदेतल्या मित्रांना सोडून देतो आणि जकारला आपला जीव घ्यायला सांगतो. जकारचे हात गळ्यावर असताना कीपर जागा होतो आणि लाँडोचे हात जकारच्या गळ्याकडे जातात. स्वप्न खरे होते, पण मारणारा आता मित्र असतो.

जकारचे काम अँड्रियास कात्सुलास (मृत्यू २००६) यांनी केले. दोघांच्या जोडीशिवाय हे पात्र उभे राहिले नसते. लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघांचा तिसऱ्या पर्वातील प्रसंग त्यासाठी आवर्जून पाहावा. पीटर डेव्हिड यांनी सेंटॉरींवर तीन कादंबऱ्या लिहिल्या. ‘इन द बिगिनिंग’ या जानेवारी १९९८ च्या दूरचित्रवाणी चित्रपटात म्हातारा सम्राट लाँडो दोन मुलांना जुन्या युद्धाची गोष्ट सांगतो. त्याच्या मागे खिडकी आहे, आणि खिडकीबाहेर त्याचीच राजधानी उद्ध्वस्त पडलेली आहे.