कॅसलरॉक आणि समुद्रापारचे तुरुंग

जोयडा तालुक्यातलं कॅसलरॉक आज दूधसागरच्या वाटेवरचं स्टेशन म्हणून ओळखतात. आमच्या घरात ते पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीचं स्टेशन होतं. वडील तिथं पॉइंट्समन. गाडी थांबली की उतारूंच्या ट्रंका, वळकट्या सोडून तपासायच्या. घाट उतरला की कुळे, तिथं पोर्तुगीजांची तपासणी. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रहींच्या तुकड्या अनेक ठिकाणांहून गोव्यात शिरल्या, त्यातली एक वाट ही. पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ हद्द बंद झाली, गाडीही.

त्या गोळीबाराच्या गोष्टी आमच्याकडे अजून निघतात. समुद्रापार नेलेल्यांच्या निघत नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. १९४६मध्ये लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर चळवळ पेटली, तेव्हा त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकरांनाही तिकडंच. गोव्यातच आग्वादचा तुरुंग हाताशी होता की! पण आग्वादच्या दाराशी कैद्याचा भाऊ जाऊन बसू शकतो, गावात बोभाटा होतो. पेनिशला कोण जाणार?

सांगलीचे मनोहर आपटे मोहन रानडे या नावानं गोव्यात मराठी शिकवत. १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. शिक्षा २६ वर्षं. पुढं त्यांना लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात नेलं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी समिती उभी केली, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठं जानेवारी १९६९मध्ये सुटका झाली.

रानड्यांनी निदान शस्त्र हाती घेतलं होतं. पुढं समुद्रापार धाडण्याची हीच रीत ज्यांच्या वाट्याला आली, त्यांनी तेही केलं नव्हतं. २००१मध्ये टाम्पा जहाजानं बुडत्या बोटीतून वाचवलेल्या चारशेहून अधिक माणसांनी (बहुतेक अफगाण) नुसता आसरा मागितला. ऑस्ट्रेलियानं त्यांना आपल्या किनाऱ्याला लागू दिलं नाही. बऱ्याच जणांची रवानगी नौरू बेटावर झाली. नंतर पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरच्या ऑस्ट्रेलियाच्या छावणीत बेहरूझ बूचानी हा कुर्द पत्रकार वर्षानुवर्षं अडकला. त्यानं लपवलेल्या मोबाइलवरून तुकड्यातुकड्यानं मजकूर बाहेर पाठवला, त्याचं पुस्तक झालं, म्हणून जगाला आतलं कळलं.

समुद्रापारची जागा निवडायची ती याचसाठी, की आतलं कुणाला दिसू नये. पोर्तुगालच्या सालाझारनं हेच केलं. तो हुकूमशहा होता. निवडून आलेल्या सरकारानं तीच रीत उचलावी, याला माझ्याकडे क्षमा नाही.