टेम्सकाठचा राजदुर्ग आणि आपली माणसे

लंडन शहरात टेम्स नदीच्या उत्तर तीरावर जो किल्ला उभा आहे, त्याला जगभर 'टॉवर ऑफ लंडन' या नावाने ओळखतात. 'टॉवर' म्हटले की एखादा उंच मनोरा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो दुहेरी तटबंदीचा आणि वीसएक बुरुजांचा विस्तीर्ण राजदुर्ग आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि लंडनकरांवर वचक राहावा म्हणून पुढील दशकात मधला बालेकिल्ला, म्हणजे 'व्हाइट टॉवर', बांधावयास घेतला. त्याच्या भिंती तळाशी साडेचार मीटर जाड, आणि उंची सुमारे सत्तावीस मीटर. या कामावर देखरेख होती रॉचेस्टरचे बिशप गंडल्फ यांची. पुढे नऊ शतके हा किल्ला राजवाडा, खजिना, टांकसाळ, शस्त्रागार आणि तुरुंग अशी नाना कामे करीत आला. येथे राजाचे प्राणिसंग्रहालयही होते. १२५५ साली फ्रान्सचा राजा नववा लुई, म्हणजे ख्रिस्तसभेचा संत लुई, याने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला एक हत्ती भेट म्हणून पाठविला. त्या बिचाऱ्यालाही या तटाच्या आतच राहावे लागले.

किल्ला दाखविण्याचे काम करतात ते 'योमन वॉर्डर'. निळ्या अंगरख्यावर लाल किनार, डोक्यावर गोल टोपी, आणि आवाज असा की शंभर माणसांच्या घोळक्यात शेवटच्यालाही स्पष्ट ऐकू यावे. या पदासाठी सैन्यदलात किमान बावीस वर्षे सेवा झालेली असावी लागते, आणि हे रक्षक कुटुंबासह किल्ल्यातच राहतात. २००७ पासून त्यांच्यात स्त्रीरक्षकही आल्या आहेत. फेरी साधारण पाऊण तासाची. प्रवेशद्वाराजवळून निघून कोरड्या खंदकाच्या कडेने (त्यातील पाणी १८४३ मध्येच काढून टाकले आहे) ती 'ट्रेटर्स गेट' या जलद्वारापाशी येते. कैद्यांना नदीतून होडीने याच वाटेने आत आणीत. मग हिरवळीवर तीन राण्यांच्या शिरच्छेदाची कथा: १५३६ मध्ये ॲन बुलिन, १५४२ मध्ये कॅथरिन हॉवर्ड, १५५४ मध्ये जेमतेम सोळा-सतरा वर्षांची जेन ग्रे. मग डोमकावळे. किमान सहा कावळे किल्ल्यात नसतील तर राज्य बुडेल, अशी आख्यायिका आहे. ती फार जुनी नसावी, असे संशोधक म्हणतात. रक्षक हे सारे विनोदाची फोडणी देऊन सांगतो आणि लोक खळखळून हसतात. शिरच्छेदाच्या जागेवर इतके हसावे काय, असा प्रश्न आम्हांस पडला खरा. परंतु सैनिकाचा विनोद हा मृत्यूच्या शेजारी राहून शिकलेला असतो, हेही मान्य करावयास हवे.

भारतीय प्रवाशांची पावले मात्र फेरी संपताच रत्नशाळेकडे वळतात. १८४९ मध्ये बालमहाराजा दुलीपसिंग यांच्याकडून घेतलेला कोहिनूर तेथे एका मुकुटात जडविलेला आहे. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की आम्ही येथे भर घालीत नाही. आमच्या वाचकांना आम्ही दुसऱ्या वाटेने नेऊ इच्छितो; ती बुरुजांतून जाते.

प्रथम 'बेल टॉवर'. हा घंटेचा बुरूज आतून पाहावयास सर्वांना मुभा नसते. बाहेरून त्याच्या अरुंद खिडक्या दिसतात. १५३४ च्या एप्रिलमध्ये येथे दोन कैदी आणले गेले, रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर आणि इंग्लंडचे माजी चॅन्सेलर सर थॉमस मोर. (त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, आपला इतिहास तेव्हा असा वेगळ्याच वाटेने चालला होता.) आठव्या हेन्रीने वारसाहक्काच्या कायद्याची जी शपथ घ्यावयास सांगितली, तीत पोपच्या अधिकाराचा नकार गुंतलेला होता. दोघांनीही शपथ घेतली नाही. फिशर तेव्हा साठी उलटलेले. अंगावरचे कपडे विरले आहेत, पोटाला मानवेल असे अन्न मिळत नाही, असे त्यांनी त्या डिसेंबरात राजाचे मंत्री क्रॉमवेल यांना कळविले. पुढील मे महिन्यात पोप तिसरे पॉल यांनी त्यांना कार्डिनल केले आणि राजाचा संताप अधिकच भडकला. २२ जून १५३५ रोजी किल्ल्याबाहेरच्या टेकडीवर त्यांचा शिरच्छेद झाला.

मोर यांच्या कैदेचा एक तपशील आमच्या मनातून जात नाही. त्या काळी कैद्याला स्वतःच्या तुरुंगवासाचा खर्च स्वतःच भरावा लागे! मोर आणि त्यांचा नोकर यांच्या जेवणाखाण्यासाठी आठवड्याला पंधरा शिलिंग पडत. मालमत्ता जप्त होत चाललेली. अखेर त्यांच्या पत्नी डेम ॲलिस यांनी क्रॉमवेल यांना लिहिले, की हा खर्च भागविण्यासाठी मला माझी वस्त्रे विकावी लागत आहेत. नवरा शपथ का घेत नाही, हे त्या माउलीला कधीच पुरते उमगले नव्हते. घरी चांगले ग्रंथालय आहे, बाग आहे, मग येथे उंदरांत का राहता, असे तिने त्यांना तोंडावर विचारले होते. तरीही तिने वस्त्रे विकली. हुतात्म्याच्या चरित्रात अशा पत्नीला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

१ जुलै रोजी वेस्टमिन्स्टर येथे शिक्षा ठोठावल्यावर मोर यांना परत आणीत असता त्यांची कन्या मार्गारेट किल्ल्याच्या धक्क्यावर वाट पाहत उभी होती. भालेकऱ्यांच्या गराड्यात घुसून तिने पित्याला मिठी मारली. चार पावले दूर गेली आणि पुन्हा धावत येऊन बिलगली. कागद-लेखणी काढून घेतल्यामुळे मोर यांनी शेवटचे पत्र कोळशाने लिहिले, ते याच मुलीला. तिच्या त्या वागण्याने आपल्याला किती आनंद झाला, हे त्यात आहे. ६ जुलैला त्यांचा शिरच्छेद झाला. बरोबर चारशे वर्षांनी, १९३५ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी फिशर आणि मोर या दोघांनाही संतपद दिले.

'बोशँप टॉवर' मात्र सर्वांना पाहता येतो आणि तेथे घाईने जाऊ नये. भिंतींवर कैद्यांनी कोरलेली नावे, ढाली, फुले, क्रूस यांची दाटी आहे. शेकोटीच्या वरच्या बाजूस अरंडेलचा अर्ल फिलिप हॉवर्ड याने लॅटिन ओळ कोरली आहे, १५८७ सालची. या जगात ख्रिस्तासाठी जितके क्लेश, तितके पुढील जगात ख्रिस्ताबरोबर वैभव, असा तिचा आशय. हा तरुण एलिझाबेथ राणीच्या दरबारातला. चैनीत वाढलेला, पत्नीची उपेक्षा करणारा. १५८१ मध्ये याच किल्ल्यात येशूसंघीय फादर एडमंड कॅम्पियन यांचा विरोधी धर्मपंडितांशी वाद झाला. कॅम्पियन यांचा तोवर छळयंत्रावर छळ झालेला. तयारीला वेळ नाही, ग्रंथ नाहीत. ऐकणाऱ्यांत हॉवर्ड होता. कॅम्पियन १ डिसेंबरला टायबर्न येथे मारले गेले. हॉवर्ड काही वर्षांनी कॅथलिक झाला, १५८५ मध्ये पकडला गेला आणि दहा वर्षांनी कैदेतच वारला. जन्माला आलेल्या पुत्राचे तोंडही त्याला पाहावयास मिळाले नाही.

तटावरून पूर्वेकडे गेले की 'सॉल्ट टॉवर' लागतो. तेथे फादर हेन्री वॉलपोल यांनी आपले नाव दगडात कोरले आहे. कॅम्पियन यांच्या वधाच्या वेळी उडालेले रक्ताचे थेंब ज्याच्या अंगरख्यावर पडले आणि ज्याचे आयुष्य त्यानेच पालटले, तो हा तरुण वकील. १५९५ मध्ये यॉर्क येथे तोही हुतात्मा झाला. दोन वर्षांनी त्याच कोठडीत फादर जॉन जेरार्ड आले. त्यांना मनगटांना बांधून तासन्‌तास टांगून ठेवीत. हात निकामी झाले, तेव्हा बोटांना पुन्हा वळण लागावे म्हणून त्यांनी संत्री मागविली. सालीचे लहान लहान क्रूस कापले, रेशमी दोऱ्यात ओवून जपमाळ केली आणि रस बाजूला ठेवून त्याने अदृश्य अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या. ऑक्टोबर १५९७ मध्ये समोरच्या 'क्रेडल टॉवर'च्या गच्चीवरून खंदकावर ताणलेल्या दोराने ते आणि जॉन आर्डन हे कैदी निसटले. आपल्यामागे पहारेकऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून त्याच्याही पलायनाची तजवीज फादर जेरार्ड यांनी केली होती. आजही तो बुरूज पाहिला म्हणजे दोराला लोंबकळणाऱ्या त्या दुबळ्या हातांची कल्पना येते.

या सर्वांत आम्हांस सर्वांत जवळचा वाटला तो निकोलस ओवेन, एक सुतार. ठेंगणा, पायाने अधू. धर्मगुरूंना लपविण्यासाठी कॅथलिक घरांच्या भिंतींत, जिन्यांखाली, धुराड्यांच्या आड त्याने गुप्त जागा तयार केल्या. काम एकट्याने आणि बहुधा रात्री, कारण मदतनीस घेतला की तोंडे वाढतात. अशा जागांची माहिती जेवढी त्याच्या डोक्यात होती तेवढी कोणाच्याच नव्हती. १६०६ च्या जानेवारीत हिंडलिप येथील घराची झडती चालू असताना, अन्नावाचून व्याकूळ होऊन, तो आपल्या लपणातून बाहेर आला. त्याला या किल्ल्यात आणले. हर्नियाचा विकार असल्याने छळयंत्रावर त्याचे शरीर फाटले. मार्चच्या आरंभी तो मेला. त्याने आत्महत्या केली, असे सरकारने जाहीर केले. एकाही घराचा पत्ता त्याने सांगितला नाही. कॅम्पियन, हॉवर्ड, वॉलपोल आणि ओवेन यांना १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड-वेल्सच्या चाळीस हुतात्म्यांत संतपद दिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. या भिंतींनी फक्त आपल्याच माणसांचे रक्त पाहिलेले नाही. १५४६ मध्ये ॲन ॲस्क्यू या प्रॉटेस्टंट स्त्रीला येथेच छळयंत्रावर असे ताणले, की जाळण्यासाठी तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात क्रॅनमर, रिडली आणि लॅटिमर हे तिघे याच किल्ल्यात कैद होते. पुढे ऑक्सफर्ड येथे त्यांना जिवंत जाळण्यात आले. आपल्या हुतात्म्यांपुढे गुडघे टेकताना ही नावे गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राणी बदलली की कैदी बदलत. कुलपे तीच राहत.

आता आपल्या घराकडे येऊ. ओवेनपाठोपाठ त्याच हिंडलिपच्या घरात फादर हेन्री गार्नेट पकडले गेले. संसदगृह उडविण्याच्या कटाची माहिती त्यांना पापनिवेदनाच्या मुद्रेखाली कळली होती. ती उघड केली नाही म्हणून त्यांना राजद्रोही ठरविले, या किल्ल्यात ठेवले आणि ३ मे १६०६ रोजी फाशी दिली. हे गार्नेट १५७५ च्या सप्टेंबरात रोममध्ये येशूसंघाच्या सांत आंद्रेया येथील नवदीक्षितांच्या गृहात दाखल झाले होते. पुढल्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, विल्टशायरचा आणखी एक इंग्रज तरुण त्याच दारातून आत आला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

गार्नेट इंग्लंडला परतले. स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसले, ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि साष्टीच्या गावांतून चाळीस वर्षे राहिले. मित्राच्या फाशीनंतर दहा वर्षांनी, १६१६ मध्ये, राचोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे. मायदेशी राहिले असते तर सॉल्ट टॉवरच्या भिंतीवर त्यांचेही नाव कोरलेले सापडले असते, असे म्हणण्यास बरीच जागा आहे.

कारण रोमला ते एकटे जाणार नव्हते. थॉमस पाउंड हा त्यांचा श्रीमंत स्नेही बरोबर निघणार होता. एलिझाबेथच्या दरबारात नाचणारा, पुढे विरक्त झालेला. निघण्यापूर्वीच तो पकडला गेला आणि सुमारे तीस वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्यात हलविला गेला. त्यांत हा किल्लाही होता. रोमहून स्टीफन्स यांनी येशूसंघाच्या महाप्रमुखांकडे त्याच्यासाठी विनंती केली, आणि १५७८ च्या डिसेंबरात, पाउंड कोठडीत असतानाच, पत्राद्वारे त्याला संघात प्रवेश देण्यात आला. चार महिन्यांनी स्टीफन्स यांचे जहाज लिस्बनहून सुटले. त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही.