एचआरच्या आधी जॉबर होता

मागच्या महिन्यात माझ्या टीममधल्या एका मित्राला अचानक व्हिडिओ कॉल आला. समोर एचआर. पंधरा मिनिटांत नोकरी गेली, लॅपटॉपही लॉक. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "एचआर नक्की कोणाच्या बाजूने असतो रे?" या प्रश्नाचा माग काढत मी थेट गिरणगावात पोहोचलो.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत एचआर नव्हता, जॉबर होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला कामावर घेणारा तोच, काढणाराही तोच. काम हवं तर दस्तुरी द्या, म्हणजे सरळ लाच. बदली कामगार सकाळी गेटवर उभे राहायचे. आत कोण जाणार, ते जॉबरच्या मर्जीवर. मालकालाही हे सोयीचं होतं. माणसं जमवायची आणि त्यांना धाकात ठेवायची कटकट परस्पर मिटायची.

मग संप वाढले. 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात सुचवलं, की भरती जॉबरच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आजची 'टिस'. पुढे एचआरवाल्यांच्या कित्येक पिढ्या तिथे शिकल्या.

1948 च्या कारखाना कायद्याने तर 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. गंमत बघा: त्याचा पगार मालक देणार, पण त्याची कामं, पात्रता आणि सेवाशर्ती राज्य सरकार ठरवणार. म्हणजे हा माणूस पूर्णपणे मालकाचा होऊ नये, याची थोडी तरी सोय कायद्यात होती.

आणि आपण? 1987 च्या दुरुस्तीत त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं, की नुसता कॉम्प्युटर विभाग आहे म्हणून जागा 'कारखाना' ठरत नाही. त्यामुळे आपल्या ऑफिसात एचआर आला, पण त्याच्यामागची ती सोय आली नाही.

मित्राला मी एवढंच सांगितलं, "समोरच्या मॅडम वाईट नव्हत्या रे. त्यांना तुझ्या बाजूने बोलायची मुभाच कोणी दिलेली नाही." जॉबरची मनमानी आपोआप गेली नव्हती. कामगार भांडले, तेव्हा नियम आले.

तुमचा अनुभव काय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!