सुई, पंप आणि रोग्याचे ज्ञान

१९२२ साली टोराँटोत इन्सुलिनने चौदा वर्षांच्या मुलाचा जीव वाचविला. परंतु सुई रोजची. डॉक्टर रोज कोठून येणार? म्हणून बोस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी रोग्यालाच लघवी तपासण्यास व अन्न तोलण्यास शिकविले. लंडनचे डॉ. लॉरेन्स स्वतः मधुमेही. त्यांनी व लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये मधुमेह्यांची संघटना उभारली.

१९७० नंतर कमरेचा पंप आला. आज सेन्सर जोडला, तर तो साखर पाहून मात्राही बदलतो. पण ताटात काय वाढले आहे, हे बहुधा रोग्यालाच सांगावे लागते.

कामगारांत वावरताना आम्ही हेच पाहिले : यंत्र शहाणे झाले, तरी चालविणारा अडाणी ठेवून भागत नाही. रात्रपाळीच्या मधुमेह्याला औषधाइतकाच त्याच्या ज्ञानाचाही हक्क आहे.